एकच सूर्य, एकच अक्षांश. मग चंद्रपूर भाजतं आणि डहाणू घामाने निथळतं, असं का?

चंद्रपूरची लेक | १८ मे, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. माझं माहेर चंद्रपूर. बदली होऊन गेल्या जूनमध्ये डहाणूला आले, त्यामुळे इथला हा माझा पहिलाच मे. सहज नकाशा उघडला तर दोन्ही गावं जवळजवळ एका रेघेवर निघाली, २० अंश उत्तरेच्या किंचित खाली. म्हणजे २० मेच्या सुमारास दोन्हीकडे सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येणार आणि सावली पायाखाली जाणार. ऊन सारखंच. पण काल आईकडे ४६ अंश होतं आणि माझ्याकडे ३४!

'समुद्रसान्निध्यामुळे हवामान सम असते' हे वाक्य शाळेत लिहून मी गुण मिळवलेत. ते पाठ होतं, कळलेलं नव्हतं. डहाणूत पडणारं ऊन जातं तरी कुठे?

आणि मला जास्त छळणारा प्रश्न पुढचा आहे. इथल्या ३४ अंशांत माझा जेवढा जीव जातो तेवढा चंद्रपूरच्या ४४ मध्ये जात नव्हता. तिकडे सावलीत बसलं की बरं वाटायचं, इथे सावलीतही अंग चिकचिकतं. कारणं आणि अनुभव दोन्ही लिहा.

वाळ्याचा पडदा | १८ मे, रात्री ९.३२

ताई, नागपूरकराकडून पहिला नमस्कार. मे २०१३ मध्ये आमच्याकडे ४७.९ झालं होतं, तेव्हाही दुपारी कूलरसमोर चादर घेऊन झोपल्याचं आठवतं. माझा भाऊ ठाण्याला गेला तेव्हा हौसेने इथला कूलर घेऊन गेला. आठ दिवसांत भिंतीला बुरशी आली आणि कूलर परत आला. कारण जाणकार सांगतील, मीही वाचायला बसलोय.

खाणकामगाराचा मुलगा | १८ मे, रात्री १०.०५

चंद्रपूरचं कारण साधं आहे. चारी बाजूंनी कोळशाच्या खाणी, त्यात एवढं मोठं वीज केंद्र. उन्हाला कशाला दोष देता?

भौतिकमास्तर | १८ मे, रात्री ११.२०

@खाणकामगाराचा मुलगा, हा समज बऱ्याच जणांचा आहे, म्हणून आकडेमोड करून दाखवतो. स्वच्छ दुपारी एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊन पडतं. एका चौरस किलोमीटरवर म्हणजे १००० मेगावॅट. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. वीज करताना वाया जाणारी उष्णता धरली तरी एकूण आठ-साडेआठ हजार मेगावॅट होते. म्हणजे केंद्र पूर्ण जोरात चालत असताना जेवढी उष्णता सोडतं, तेवढी दुपारचं ऊन आठ-नऊ चौरस किलोमीटर रानावर ओततं. जिल्हा हजारो चौरस किलोमीटरचा आहे. शिवाय ब्रह्मपुरी, वर्धा, अकोला ही गावं खाणीशिवायच तापतात. आणि औष्णिक केंद्र डहाणूतही आहे.

आता ताईंचा पहिला प्रश्न. जमिनीवर पडलेलं ऊन तिच्या वरच्या थरातच अडकतं. माती उष्णता खाली सावकाश पोचवते. हात-दीड हात खोल गेलं की दिवसरात्रीचा फरक जवळपास मरतो. म्हणजे सगळं ऊन पातळशा पापुद्र्यावर खर्च होतं आणि पापुद्रा तव्यासारखा तापतो. समुद्रात ऊन कित्येक मीटर खोल उतरतं, आणि लाटा ते पाणी सतत ढवळत राहतात. त्यात पाणी तापायलाच जड. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात चार-पाच किलो कोरडी माती तापते.

पण माझ्या मते मोठं कारण तिसरंच आहे. पाण्यावर पडलेल्या उन्हाचा बराचसा भाग तापवण्यात जातच नाही, वाफ करण्यात जातो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला विजेच्या हिशोबात ०.६७ युनिट उष्णता लागते, आणि ती तापमापीला दिसत नाही. मे महिन्यात आपल्याकडे एका चौरस मीटरवर दिवसभरात सहा-सात युनिट ऊन पडतं. चंद्रपूरच्या उघड्या रानात मे महिन्यात उडायला पाणीच नसतं, तेव्हा ही सहा-सात युनिटं जमीन आणि हवा तापवण्यात जातात.

दर्यावर्दी | १९ मे, सकाळी ६.४५

मास्तर, वारा विसरलात. आमच्या आजोबांच्या गलबताला यंत्र नव्हतं, शिडावरच सगळा कारभार. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा धरून बाहेर पडायचं आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचं. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि रिकामी जागा भरायला समुद्रावरची गार हवा येते. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटतो. डहाणूचं ३४ टिकतं ते ह्या वाऱ्याच्या जिवावर. मार्चमध्ये कधी पूर्वेचा वारा जोर धरतो, खारा वारा दुपारी उशिरापर्यंत आत येऊ शकत नाही, त्या दिवशी मुंबईसुद्धा चाळिशीला टेकते. २८ मार्च १९५६ ला सांताक्रूझला ४१.७ नोंदलं गेलं. समुद्र तिथेच होता, वारा नव्हता.

भौतिकमास्तर | १९ मे, सकाळी ८.०२

दर्यावर्दी, मान्य. वाऱ्याशिवाय माझं उत्तर अर्धवट होतं.

शारजाकर | १९ मे, दुपारी १.१५

समुद्र जवळ म्हणजे गारवा, हे सूत्र घेऊन इकडे येऊ नका! आखाताची सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर, त्यामुळे ऑगस्टमध्ये पाणी ३३-३४ अंशांवर जातं. त्यावरून येणारा वारा काय गार करणार? रात्री गाडीच्या काचेवर बाहेरून पाणी साचतं, चष्मा घालून दुकानातून बाहेर पडलं की समोरचं दिसत नाही. ८ जुलै २००३ ला सौदीतल्या दहरानला दवबिंदू ३५ अंश नोंदला गेला. म्हणजे ३५ अंशांच्या भिंतीवरसुद्धा दव धरेल इतकी वाफ हवेत होती.

चंद्रपूरची लेक | १९ मे, संध्याकाळी ७.२०

सर्वांचे आभार. मास्तर, पाण्याची वाफ होताना उष्णता दिसेनाशी होते हे समजलं. पण मग ती वाफ डहाणूच्या हवेतच राहते आणि तीच मला छळते, असंच ना?

परिचारिका_अकोला | १९ मे, रात्री ८.०५

ताई, शरीराच्या बाजूने मी सांगते. घाम येण्याने गार वाटत नाही, घाम वाळण्याने वाटतं. अंगावरून एक लिटर घाम उडाला की मास्तरांच्या हिशोबातली ती ०.६७ युनिट उष्णता अंगातून निघून जाते. डहाणूत हवा आधीच वाफेने भरलेली असते, घाम उडत नाही, नुसता गळतो. गळलेला घाम काही उपयोगाचा नाही.

पण तुमच्या वाक्याची मला काळजी वाटते. चंद्रपुरात ४४ मध्ये 'बरं वाटायचं' कारण घाम दिसायच्या आत वाळायचा. शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात ते त्याचेच. शरीरातून पाणी आणि मीठ जात असतं आणि माणसाला कळत नाही. वॉर्डात दर मे महिन्यात असे लोक येतात, शेतात सकाळपासून राबलेले, 'मला तर घामच नव्हता' म्हणणारे. आईंना सांगा, तहान लागायची वाट पाहू नका. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, अजून लागायचा आहे.

वाळ्याचा पडदा | १९ मे, रात्री ८.४०

म्हणजे भावाच्या कूलरचं उत्तर हेच!

भौतिकमास्तर | १९ मे, रात्री १०.३०

हेच, आणि ते आकड्यात मांडता येतं. तापमापीच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की ती जिथपर्यंत उतरते, त्याच्या खाली कुठलाच कूलर हवा नेऊ शकत नाही. ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओली तापमापी साधारण २४ दाखवते. २१ अंशांची जागा मिळाली! ३४ अंश आणि ६५ टक्के असेल तर ती साडेअठ्ठावीसवर थांबते, जेमतेम साडेपाच अंश. बंद खोलीत कूलर स्वतःच आर्द्रता वाढवतो, म्हणजे तेवढेही नाहीत. माठ, वाळ्याचे पडदे, अंगणातला सडा सगळे ह्याच नियमाने चालतात.

माठवाली | २० मे, सकाळी १०.१०

आमच्याकडे माठ घडवतात. गिऱ्हाईक विचारतं, 'पाझरत तर नाही ना?' मी सांगते, पाझरला नाही तर गार कसा होईल? मातीत राख किंवा भुसा मिसळतात, भट्टीत तो जळून बारीक छिद्रं राहतात. बाहेरून रंग लावलेले माठ छान दिसतात पण छिद्रं बुजतात. खारट पाण्यानेही दोन-तीन वर्षांत बुजतात. जुना माठ टाकायला निघाला असाल तर काथ्याने घासून बघा एकदा.

निफाडकर | २० मे, रात्री ९.००

धागा वाचून राहवलं नाही. तुम्ही सगळे उन्हाचं बोलताय, आम्ही द्राक्षवाले रात्रीला भितो. जानेवारीत आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की झोप नाही. पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, पाणी सोडतो. रात्री ढग आले की हायसं वाटतं, थंडी पडत नाही. ढगांत अशी काय ऊब असते?

धुईवाट | २० मे, रात्री १०.२५

ऊब ढगांची नव्हे, जमिनीचीच. दिवसा घेतलेली उष्णता जमीन रात्री आकाशाकडे परत फेकत असते, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी. ढग आणि वाफ त्यातला मोठा भाग अडवून खाली परत पाठवतात. वाळवंटात रात्र गार पडते कारण अडवायला वाफच नाही. १८५६ साली युनिस फूट ह्या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळकांड्यांत कोरडी हवा, दमट हवा आणि कार्बन डायऑक्साइड भरून उन्हात ठेवले होते. कोरड्या हवेपेक्षा दमट हवा जास्त तापली आणि कार्बन डायऑक्साइड सर्वांत जास्त. जॉन टिंडल ह्यांचे प्रसिद्ध प्रयोग त्यानंतर तीन वर्षांनी सुरू झाले. हे नाव शाळेत शिकवायला हवं असं मला फार वाटतं.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं त्याचंही मूळ हेच. वेधशाळेची तापमापी जमिनीपासून सव्वा मीटर उंच, पेटीच्या आत असते. ती चार-पाच अंश दाखवत असताना गवताचं पातं आणि गाडीचा टप थेट आकाशाकडे उष्णता फेकून शून्याखाली गेलेले असतात. १८ व्या शतकात अलाहाबादकडे लोक पेंढ्यावर उथळ मातीच्या ताटल्या ठेवून हिवाळ्यात असाच बर्फ करायचे.

म्हणून कुठल्याही निरभ्र रात्री सर्वांत गार जागा म्हणजे जमिनीचा पृष्ठभाग.

सिमला ऑफिसचा शेजारी | २१ मे, सकाळी ७.५०

शेवटच्या वाक्याला हरकत घेतो. 'कुठल्याही' नाही! आणि हा शोध आपल्या पुण्याशी जोडलेला आहे, म्हणून लिहितो. एल. ए. रामदास, सी. व्ही. रामन ह्यांचे विद्यार्थी, पुण्यात हवामान खात्याच्या कृषी विभागात होते. त्यांनी आणि आत्मनाथन ह्यांनी १९३२ मध्ये दाखवलं की शांत, निरभ्र रात्री सर्वांत गार हवा उघड्या जमिनीला चिकटून नसते, काही वेळा ती वीत-दोन वीत वर असते. अनेकांना हे पटेना, मापनातली चूक असेल असं म्हणायचे. पण तो थर पुन्हा पुन्हा सापडत गेला. पुढे बंगळुरूत रोद्दम नरसिंह आणि सहकाऱ्यांनी त्यामागच्या कारणांवर काम केलं. जगभर त्याला 'रामदास थर' म्हणतात. निफाडकर, रोपाचा शेंडा नेमका त्या उंचीवर असेल तर फरक पडतो, एवढं लक्षात ठेवा.

निफाडकर | २१ मे, सकाळी ८.३०

हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मनापासून आभार. यंदा दोन तापमाप्या लावणार, एक मातीला टेकून आणि एक गुडघ्याच्या उंचीवर.

दवाची ओढणी | २१ मे, दुपारी ३.३०

दवाचा विषय निघाला म्हणून. माझी आजी हिवाळ्यात पहाटे हरभऱ्याच्या शेतावरून पातळ धुतलेलं फडकं फिरवायची. ओलं झालं की बरणीत पिळायची. ती 'आंब', हरभऱ्याच्या पानांवरचं आंबट दव. पोट दुखलं की थेंबभर पाण्यातून. ऊन वर आलं की काही मिळायचं नाही, म्हणून सगळी घाई सूर्य उगवायच्या आधी. आता तेवढं पहाटे कोणी जात नाही आमच्याकडे.

पैठणचं पाणी | २१ मे, रात्री ९.१५

मास्तर, तुमचा वाफेचा हिशोब मी नाथसागराला लावून पाहिला आणि बेचैन झालो. जलाशय पूर्ण भरला की पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर. दिवसाला १ सेंटिमीटर पाणी उडालं तर ३५ लाख घनमीटर, म्हणजे ३५० कोटी लिटर. आठ दिवसांत एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट. मे महिन्यात पसारा आटलेला असतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा कमी. पण धरण पसरट आणि उथळ, आणि वरून कोरडा तापलेला वारा. एक टीएमसीसाठी वरच्या आणि खालच्या भागात भांडणं होतात, आणि इकडे सूर्य न विचारता उचलून नेतो. लहान तळ्यांवर सौर पॅनेल पसरून वीज आणि पाणी दोन्ही वाचवावं असं मला वाटतं.

आगरकिनारा | २२ मे, सकाळी ९.४०

पैठणकर, तुमचं नुकसान ते आमचं पीक. आमचं मिठागर होतं उरणकडे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार. ते पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात फिरवत आटवायचं. दहा लिटरचं लिटरभर उरलं की मग मीठ धरायला लागतं. त्याआधी तळाला चिरोडी (जिप्सम) बसते, ती वेगळी ठेवावी लागते. आणि शेवटचं कडू पाणी वेळेवर काढलं नाही तर मीठ कडवट होतं. पाणी जितकं खारट होत जातं तितकं सावकाश उडतं, म्हणून शेवटचे दिवस सर्वांत लांबतात. त्यात अवकाळीची एक सर आली की महिन्याची मेहनत विरघळली. दुपारचा वारा पडला तर वडील म्हणायचे, 'ऊन एकटं काय करणार?'

भौतिकमास्तर | २२ मे, रात्री ९.००

आगरकिनारा, तुमच्या वडिलांचं वाक्य मी वर्गात सांगणार आहे. वारा पाण्यावरची ओली हवा बाजूला करतो, तेव्हा नवी वाफ उठते.

पैठणकर, तुमच्या बेचैनीशी सहमत. एकच जोड देतो. उडालेली वाफ उष्णता बरोबर घेऊन जाते आणि ढग होताना परत देते. एका चौरस किलोमीटरवर १ सेंटिमीटर पाऊस पडला म्हणजे एक कोटी लिटर पाणी. ते ढगात जमताना ६७ लाख युनिट उष्णता मोकळी झालेली असते. अरबी समुद्रावर पडलेलं ऊन अशा रीतीने सह्याद्रीच्या माथ्यावर बाहेर पडतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि तीच हवा घाट उतरून माणदेशात पोचते तेव्हा तिथे ५०० च्या आसपास. उतरणारी हवा दाबली जाते, किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी तापते, आणि तिच्यातले ढग विरतात.

माणदेशी | २२ मे, रात्री ९.२५

जुलैत आमच्या डोक्यावरून ढग पळताना बघतो आणि खाली धूळ उडत असते. कारण कळलं म्हणून दुःख कमी होत नाही मास्तर, पण कळलं हे बरं झालं.

चंद्रपूरची लेक | २७ मे, रात्री ८.५०

मंडळी, आठ दिवस गप्प होते कारण प्रयोग चालू होता. गच्चीवर तीन पराती ठेवल्या. एकीत कोरडी माती, दुसरीत तीच माती पण ओली, तिसरीत नुसतं पाणी. दुपारी दोनला तापमापी मातीत बोटभर खुपसून पाहिली. कोरडी ५२, ओली ३८. एकच गच्ची, एकच ऊन, तरी चौदा अंशांचा फरक! माझा पहिला प्रश्न त्या दोन परातींत बसला. ओली परात संध्याकाळपर्यंत वाळली आणि दुसऱ्या दिवशी तीही ५१ ला गेली, म्हणजे जूनमध्ये पहिल्या पावसानंतर चंद्रपूर एकदम का निवतं तेही दिसलं.

तिसऱ्या परातीतलं पाणी दिवसाला साधारण ६ मिलिमीटर उतरत होतं. आईला फोन करून तशीच परात अंगणात ठेवायला सांगितली, पट्टीने मोजायला लावलं. तिकडे १९ मिलिमीटर! मी आनंदाने हे लिहायला बसले, तेवढ्यात आईचा पुन्हा फोन: दुपारभर साळुंक्या आणि चिमण्या परातीवर बसून पाणी पितात, आंघोळही करतात.

भौतिकमास्तर | २७ मे, रात्री ९.३०

मग १९ चा आकडा बाजूला ठेवा. हवामान खात्याच्या वेधशाळेत बाष्पीभवन मोजायला सुमारे १२० सेंटिमीटर व्यासाचं धातूचं पात्र ठेवतात, आणि आपल्याकडे त्यावर तारेची जाळी बसवलेली असते. ती पक्ष्यांसाठीच. जाळीमुळे थोडं कमी पाणी उडतं, पण मोजमाप विश्वासाचं राहतं. आईंना कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी टाकायला सांगा आणि परात अंगणाच्या उघड्या भागात ठेवा, भिंतीजवळ नको.

चंद्रपूरची लेक | २७ मे, रात्री ९.४१

जाळी उद्याच टाकायला सांगते. पण चिमण्यांना आता सवय लागली आहे, तेव्हा आई शेजारी पाण्याचं दुसरं भांडं ठेवणार आहे, न मोजता.